लुंग, पित्त आणि ऐंशी किलोमीटर

मडिकेरीच्या एनसीसी बटालियनला पीआय स्टाफ म्हणून पोस्टिंग निघाली, तेव्हा युनिटमधल्या पोरांनी बरंच चिडवलं. "मजा आहे उस्ताद, कॉफी प्या, कॅडेटना सावधान-विश्राम शिकवा आणि वहिनींना घेऊन फिरा." निम्मं खरं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाल्यापासून पहिल्यांदाच सलग दोन वर्षं घरच्यांसोबत राहायला मिळणार होतं. माझ्याकडे कुशालनगरच्या बाजूची कॉलेजं आली, म्हणून तिथेच भाड्याने खोल्या घेतल्या. कुशालनगर कोडगू जिल्ह्यात. कावेरीवरचा पूल ओलांडला की म्हैसूर जिल्हा, आणि पाच-सहा किलोमीटरवर बैलकुप्पे.

बैलकुप्पे म्हटलं की लोकांना सोन्याच्या मूर्तींचं नामद्रोलिंग मंदिर आठवतं. सुट्टीच्या दिवशी तिथे बसच्या बस उतरतात, त्यात आपली मराठी मंडळीही असतात, फोटो काढतात, मोमो खातात आणि मडिकेरीकडे निघतात. पण मंदिराच्या मागे वसाहत बरीच लांबवर पसरली आहे. १९६१ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दिलेल्या जंगलजमिनीवर ती वसली. गावांना इथे कॅम्प म्हणतात, पहिला कॅम्प, चौथा कॅम्प असे. सगळीकडे मक्याची शेतं आणि लाल चिवर घातलेले भिक्षू स्कूटरवरून जाताना. फौजी माणसाला कॅम्प हा शब्द ऐकूनच घरी आल्यासारखं वाटतं.

तिथे एका छोट्या चहाच्या दुकानाबाहेर मला पा-ला भेटले. पा म्हणजे वडील, ला हा आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द. वय चौऱ्याहत्तर. बाकावर बसलेला म्हातारा, पण पाठ अशी ताठ की मी लांबूनच ओळखलं, हा गडी वर्दीतला. निघालेही तसेच. चीनच्या लढाईनंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये तिबेटी जवानांची स्पेशल फ्रंटियर फोर्स उभी राहिली, फौजेत तिला 'टू-टू' म्हणतात. पा-ला तिच्यातले. चक्राताला ट्रेनिंग, १९७१ ला चितगावच्या डोंगरात. त्याबद्दल ते फार बोलत नसत. मी विचारलं की हसून म्हणायचे, "बहुत जोंक था, उस्ताद." चितगावच्या जळवा एवढंच त्यांनी मला त्या युद्धाबद्दल सांगितलं.

अमा-ला, म्हणजे त्यांच्या पत्नी, कित्येक हिवाळे कोल्हापूर आणि पुण्याला स्वेटर विकायला जायच्या. त्यांना "केवढ्याला?" आणि "परवडत नाही" एवढं मराठी पक्कं येतं. माझ्या बायकोशी त्यांची गट्टी त्यावरच जमली.

जानेवारी २०२५ मधला एक रविवार. सकाळी साडेसातला मी मोटरसायकलवर तिकडे गेलो होतो, काम काहीच नव्हतं, पावाचा तिबेटी प्रकार घ्यायचा होता. थंडी चांगली होती, मी जर्किनमध्ये. पा-ला दुकानाच्या भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा हात मांडीवर ठेवलेला, उजव्या हाताने ते जबडा चोळत होते.

"क्या हुआ, पा-ला?"

"कुछ नहीं. लुंग है."

लुंग म्हणजे वारा. तिबेटी वैद्यकात शरीर चालवणारे तीन दोष मानतात, आपल्या आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफाच्या जवळचे. त्यातला लुंग बिघडला की झोप उडते, छाती भरून येते, जीव घाबरा होतो. हृदयात शिरलेल्या लुंगला वेगळं नावही आहे. पा-लांनी रात्रीच वैद्याच्या गोळ्या गरम पाण्याबरोबर घेतल्या होत्या. पहाटे पाचपासून छाती जड होती, आता जरा कमी आहे म्हणाले. अमा-लांनी शेजारी लोण्याचा चहा आणून ठेवला होता.

त्या घामाकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. कारण मला तो घाम माहीत होता, म्हणजे पाहिलेला नव्हता, आईच्या तोंडून ऐकलेला होता.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. २०१६ च्या थंडीत मी उत्तरेत एका उंच पोस्टवर होतो, तिथे फोन आठवड्यातून एकदा. वडलांना रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळायला लागलं. "पित्त झालंय," ते म्हणाले. आईने जिरं दिलं, मग सोडा दिला. घामाने बंडी भिजली, आईने ती बदलली. पहाटे थोडं बरं वाटलं. सकाळी गावाजवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही, कदाचित मशीनच नसेल. दुपारी पुन्हा दुखायला लागलं तेव्हा जीप मिळवून कराडला निघाले, आणि वाटेतच संपलं. मला निरोप मिळाला दुसऱ्या दिवशी, मी गावी पोचलो पाचव्या दिवशी. आई तेव्हापासून एकच सांगते, "बंडी पिळली तर पाणी निघालं असतं रे."

मी त्या डॉक्टरला बरीच वर्षं शिव्या घातल्या. आता घालत नाही. सोळा तास ते दुखणं आमच्याच घरात होतं आणि त्याला नाव आम्हीच दिलं होतं.

तर मी पा-लांना म्हटलं, "लुंग होगा तो भी मशीन पे दिखा लेते हैं." ते नको म्हणाले. रविवार आहे, उद्या बघू. मग मी आवाज चढवला, परेड ग्राउंडवर चढवतो तसा. म्हाताऱ्या सैनिकावर त्याचा परिणाम होतो, ते उठले. पण मी त्यांना चालू दिलं नाही आणि मोटरसायकलवरही बसवलं नाही. शेजारच्या पोराची गाडी काढली. वसाहतीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सात पन्नास झाले होते.

ईसीजीचा कागद मशीनमधून बाहेर आला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी मला काही सांगितलं नाही. आधी पा-लांच्या तोंडात ॲस्पिरिन घातली, "चबाइए, निगलना नहीं." मग कागदाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. त्या कानडीत बोलत होत्या. बेळगावच्या सेंटरमध्ये आम्ही सगळेच थोडं कानडी उचलतो, त्यातून मला एवढंच समजलं, की पलीकडचा माणूस हृदयाचा डॉक्टर आहे, आणि पेशंटला कुठे नि किती वेळात न्यायचं ते ठरवतोय.

हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकून ती पूर्ण बंद झाली, की ईसीजीच्या रेघेचा एक भाग वर उचलला जातो. त्यापुढचा स्नायू मरायला लागतो, आणि तो मिनिटामिनिटाने मरत जातो, एकदम नाही. उपाय दोनच. एक, कॅथलॅबमध्ये नेऊन तारेने धमनी उघडायची, म्हणजे अँजिओप्लास्टी. ती दोन तासांच्या आत होणार असेल तर सगळ्यात चांगली. तेवढ्यात पोचणं जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे त्या जागी द्यायचं आणि मग पुढे न्यायचं. पहिल्या तीन तासांत ते उत्तम काम करतं, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हैसूर इथून ऐंशी किलोमीटर, पोचायला दीड-दोन तास, आणि पा-लांच्या छातीला पहाटे पाचपासून कुलूप. हिशेब सोपा होता. इंजेक्शन वाटेत.

हुणसूरच्या दिशेने जाताना लागणाऱ्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ते तयार ठेवलेलं होतं. टेनेक्टेप्लेस असं त्याचं नाव. वजनाच्या हिशेबाने एकच डोस, शिरेतून पाच-दहा सेकंदांत. बाहेर विकत घ्यायचं तर तीस हजारांच्या घरात जातं. कर्नाटक सरकारच्या हृदय ज्योती योजनेत ते सरकारी रुग्णालयांत फुकट देतात. या योजनेला पुनीत राजकुमार यांचं नाव आहे. कानडी सिनेमाचा हा लाडका नट २९ ऑक्टोबर २०२१ ला गेला, वय अवघं शेहेचाळीस, शरीर कमावलेलं. सकाळी व्यायाम केला आणि काही तासांत संपला. मी कर्नाटकात आल्यापासून त्याचा फोटो नसलेली रिक्षा क्वचित पाहिली आहे. गोव्यातही असंच जाळं आहे, छोट्या केंद्रांतले ईसीजी गोवा मेडिकल कॉलेजच्या हृदयतज्ज्ञांपर्यंत पोचतात आणि इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं जातं.

आठ चाळीसला सुई टोचली. त्याआधी डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले: डोक्यात कधी रक्तस्राव झाला होता का, पोटात अल्सर, अलीकडे ऑपरेशन, पडझड. गुठळी विरघळवणारं औषध नको तिथलं रक्तही वाहतं करू शकतं. पा-ला म्हणाले, "इकहत्तर में गिरा था." डॉक्टर हसले नाहीत, पण मला त्या वेळीही हसू आलं.

मग १०८ ची रुग्णवाहिका. मी पुढे बसलो, अमा-ला मागे माळ ओढत. राष्ट्रीय महामार्ग २७५ च्या दोन्ही बाजूंना तंबाखूचा मुलूख आहे, पेरियापट्टण आणि हुणसूरची माती व्हर्जिनिया तंबाखूसाठी नावाजलेली. जानेवारीत शेतं रिकामी होती, पण पानं भाजायच्या उंच भट्ट्या जागोजागी उभ्या. जगभरातल्या सिगारेटींत जाणारी तंबाखू जिथे पिकते, त्याच रस्त्याने हृदयाचे रोगी म्हैसूरला जातात. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, पुढच्या फेरीत सुचलं. त्या दिवशी मी फक्त किलोमीटरचे दगड मोजत होतो.

फौजेत आम्ही जखमी जवानाला मागे काढायचा सराव करतो. गोळी लागलेल्याचं पहिलं काम तिथलाच साथीदार करतो, पट्टी बांधतो, रक्त थांबवतो. मग आरएपी, म्हणजे पलटणीचा डॉक्टर. सर्जन सगळ्यात शेवटी येतो, आणि तो कितीही मोठा असला तरी आधीच्या कड्या तुटल्या तर त्याच्या टेबलावर मुडदाच पोचतो. 'गोल्डन अवर' हा शब्द आम्ही जवानांना शिकवतो. बाल्टिमोरच्या आर. ॲडम्स काउली या सर्जनने तो रुजवला, तोही अमेरिकी फौजेत डॉक्टर राहून गेलेला. हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत आलो, आणि बापाच्या बाबतीत आमच्या घरातली पहिलीच कडी बसली नव्हती.

सव्वादहाला आम्ही म्हैसूरच्या जयदेव हृद्रोग संस्थेत पोचलो. कृष्णराजसागर रस्त्यावरची ही सरकारी संस्था, मूळची बंगळूरची. तिथे बरीच वर्षं संचालक असलेले डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी 'आधी उपचार, मग पैसे' अशी रीत घालून दिली होती. २०२४ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी बंगळूर ग्रामीणमधून खासदार झाले. अशा डॉक्टरला लोक मतं देणारच. मला पहिला अनुभव असा, की दारातून आत जाताना मला कुणी ॲडव्हान्स मागितला नाही. मी खिशात एटीएम कार्ड धरून ठेवलं होतं, घाम आलेल्या हातात.

तिथे पुन्हा ईसीजी. वर उचललेली रेघ बरीच खाली आली होती. पा-ला म्हणाले, "अब हल्का है." इंजेक्शनने धमनीचं दार किलकिलं केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून तार घालून अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूने पुढे उतरणारी मोठी धमनी, तिच्यात सुरुवातीलाच नव्वद टक्के अडथळा. स्टेंट बसवला.

नंतर डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. चाळिशीतला माणूस, अंगावर शिशाचा जड झगा, त्याने पाठ दुखत असावी, कारण बोलताना सारखा कमरेवर हात जायचा. आधीचं चित्र आणि नंतरचं. आधीच्यात धमनी मधेच चिमटून बारीक दोरा झालेली, नंतरच्यात पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी भरून वाहणारी. मी त्यांचे आभार मानायला लागलो तर ते म्हणाले, माझं काम वीस मिनिटांचं होतं, स्नायू वाचला तो सकाळी पावणेनऊच्या सुईने. आणि मग विचारलं, "दवाखान्यात न्यायचं कुणी ठरवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. घसा दाटला. ते समजून दुसऱ्या कागदाकडे वळले.

स्टेंटबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे अजून लोक जमीन विकायची भाषा करतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी त्याच गोष्टीचे लाखाच्या वर घेतले जात. ऑपरेशनचा, खोलीचा खर्च वेगळा असतो हे खरं, पण स्टेंटच्या नावाखाली कुणी लाख सांगत असेल तर बिलात ती ओळ वेगळी मागून बघावी.

चौथ्या दिवशी पा-ला घरी आले, आणि खरी लढाई तिथे सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं होतं, मीठ किती खाता? पा-ला म्हणाले, कमी. मग त्यांनी विचारलं, चहा किती पिता? आता तिबेटी चहा म्हणजे लोणी आणि मीठ घालून घुसळलेला. पा-लांनी बोटं मोजली आणि म्हणाले, पंधरा कप. डॉक्टर काही क्षण बघतच राहिले. लडाखच्या थंडीत, याकमागे डोंगर चढणाऱ्याला तो चहा लागतही असेल. बैलकुप्प्याच्या हवेत, बाकावर बसून पंधरा कप म्हणजे नुसतं मीठ. रक्तदाब १७० च्या खाली येत नव्हता तो उगाच नाही.

मला डॉक्टरांचं एक आवडलं. त्यांनी चहा बंद करा असं सांगितलं नाही. तीन कप म्हणाले, आणि मीठ अर्धं. वैद्याच्या गोळ्यांबद्दलही तेच. पा-लांनी घाबरत पिशवी काढून दाखवली. म्हैसूरला शिकलेला माणूस ओरडेल असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की नवीन काहीही सुरू करण्याआधी मला दाखवा, आणि काहीही झालं तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या या दोन गोळ्या एक दिवसही चुकवू नका, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होईल. बैलकुप्प्यात मेन-त्सी-खांगचा दवाखाना आहे. ही संस्था १९१६ मध्ये ल्हासात सुरू झाली आणि १९६१ मध्ये धरमशाळेत पुन्हा उभी राहिली. तिथल्या वैद्यांनीही नाडी पाहून पा-लांना हेच सांगितलं, की मोठ्या डॉक्टरच्या गोळ्या आधी.

जुलैत तिसऱ्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेलो, आणि जयदेवच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या हासन जिल्ह्यात मे-जूनच्या चाळीस दिवसांत वीसच्या वर माणसं हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यांत तरुण बरेच. घबराट पसरली. लोक पहाटेपासून रांगा लावत होते, विशीतली पोरं, लहान मुलांना कडेवर घेतलेल्या बाया. कुणालाच काही होत नव्हतं, सगळ्यांना ईसीजी हवा होता. घाबरू नका, सगळ्यांनी इथे धावू नका, असं संस्थेलाच सांगावं लागलं. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं, की मृत्यूंत अचानक अशी काही वाढ झालेली नाही, आणि गेलेल्यांत काही जण हृदयविकाराचे नव्हतेच.

माझ्या पुढे चिक्कमगळूरकडचा एक रिक्षावाला होता, बत्तीस वर्षांचा. तो म्हणाला, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधड होते. काय सांगणार त्याला? मी त्याला हसलो नाही. माझ्या बापाला कुणी असं घाबरवलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात आलं. पण त्या रांगेत खऱ्या अर्थाने आजारी माणसं पाच-सहा तास उभी होती, आणि ईसीजी आज चांगला आला म्हणून उद्याचा परवाना मिळत नाही. पहिला ईसीजी कधी कधी झटका चालू असतानाही चांगला दिसतो, म्हणून दुखणं थांबत नसेल तर तो पुन्हा काढायचा असतो. हे मला पा-लांच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. रिक्षावाल्याला मी तेवढंच सांगितलं, आणि सिगारेट सोड म्हटलं. खिशात पाकीट दिसत होतं.

दुपारी दोनला आमचा नंबर आला. पा-लांचं सगळं ठीक होतं, दाब १३४ वर. डॉक्टर थकलेले होते. आम्ही उठलो, तर पा-लांनी माझ्या दंडाला धरलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "साब, इनका भी देखो. ये छुपाता है."

मी उडालो. खरं तर मीच कधीतरी त्यांच्या बाकावर बसून बोललो होतो, की दोन वर्षांपासून दाब वर लागतोय, वार्षिक मेडिकलच्या आधी आठ दिवस मीठ बंद करतो, आदल्या रात्री झोपेची गोळी घेतो आणि शेप-वन घेऊन येतो. आमच्याकडे असं करणारा मी एकटा नाही. कॅटेगरी खाली गेली की कोर्स जातो, प्रमोशन लांबतं, परत पलटणीत गेल्यावर पोरं बघतात. मी सुभेदारीच्या कोर्सची वाट बघत होतो. आणि हाच मी जानेवारीत एका म्हाताऱ्यावर ओरडलो होतो.

डॉक्टरांनी बाहेर उभ्या असलेल्या रांगेकडे बघितलं, मग माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. १५८ वर ९८. वडलांना कितव्या वर्षी झालं, विचारलं. मी सांगितलं, एकसष्ट. ते म्हणाले, तुमच्याकडे तुमचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत, त्यांना हा आकडा सांगा. मी लिहून देत नाही, तुम्ही स्वतः सांगा.

परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना हिरवीगार तंबाखू उभी होती. पा-ला गाडीत झोपले. मी बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली.

सोमवारी ॲडम ऑफिसरसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी बंगळूरच्या कमांड हॉस्पिटलला पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, सहा महिन्यांसाठी टेम्पररी लो मेडिकल कॅटेगरी लागली, कोर्सच्या यादीतून त्या खेपेला नाव गेलं. पुढचं बोर्ड जानेवारीत आहे. पा-ला मला रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "उस्ताद, गोली खाया?" मी त्यांना विचारतो, किती कप झाले. ते तीन म्हणतात, आणि मागून अमा-लांचा आवाज येतो, "पाच!" तेवढं मराठीही त्यांना आता येतं.